माझ्या रुंदीचे पाय

मी एक स्नोबोर्ड बोलतोय. बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायला माणसं जी फळी पायांना बांधून घेतात, तीच मी. पण स्नोबोर्ड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे सडपातळ, चकचकीत काहीतरी येतं, ते मात्र मी नव्हे. मी रुंद आहे. आमच्या दुकानात मला 'दरवाजा' म्हणतात. इतकी वर्षं ऐकून आता मला त्याचं काही वाटत नाही, असं म्हणायला हवं खरं. पण वाटतं.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे सदानकदा गोंदाचा आणि तासलेल्या लाकडाचा वास भरलेला असायचा. जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक कारागीर लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवायचा, वरखाली काचेच्या धाग्यांचं कापड घालायचा आणि सगळं गरम साच्यात दाबून ठेवायचा. मग दोन्ही बाजूंना पोलादी कडा बसायच्या. या कडांवरच आमचं सगळं असतं. वळायचं म्हणजे फळी एका कडेवर तिरकी करायची, आणि ती कड बर्फात रुतली की माणूस वळतो. कड सुटली की माणूस पडतो. इतकं सोपं आहे ते.

त्या शेडमध्ये अरुंद फळ्यांचा साचा रोज चालायचा. माझा साचा कोपऱ्यात धूळ खात पडलेला असायचा. एके दिवशी कारागिराने तो पुसून पुढे ओढला, तेव्हा शेजारच्या यंत्रावरचा माणूस हसला.

"हे घमेलं कोण घेणार रे?" तो म्हणाला.

"मोठ्या पायाचा माणूस घेईल," कारागीर म्हणाला.

"असे किती असतात?"

"पुष्कळ असतात. नंबर विचारला की निम्मे गळतात."

मी तेव्हा साच्यात भाजून निघत होतो. त्यामुळे या बोलण्याकडे माझं फारसं लक्ष गेलं नाही.

तिथून मी डोंगरपायथ्याच्या एका दुकानात आलो. हिवाळाभर तिथे फळ्या आणि बूट भाड्याने मिळत. दुकानदार ऐसपैस माणूस होता, हसला की काउंटरवरच्या चाव्या हलायच्या. मागच्या खोलीत बुटांच्या मांडण्या होत्या आणि तिथे त्याची बायको असायची. दुकानाच्या एका भिंतीवर पुरुषांच्या फळ्या, समोरच्या भिंतीवर बायकांच्या. बायकांच्या भिंतीवर फुलं, पक्षी, निळेगुलाबी ढग. मी अर्थातच पुरुषांच्या भिंतीवर, अगदी शेवटच्या खुंटीला, छताच्या गळक्या कोपऱ्याखाली.

दुकानदार आपल्या कामात पक्का होता, हे मला कबूल करायलाच हवं. इतर दुकानांत उंची विचारत, वजन विचारत आणि फळी हातात देऊन मोकळे होत. हा आधी पाय बघायचा. गिऱ्हाइकाला बूट घालून फळीवर उभं करायचा, मग स्वतः गुडघ्यावर बसून बुटाचं टोक कडेबाहेर किती आलंय ते बोटाने चाचपायचा.

"थोडं बाहेर आलेलं चालतं," तो सांगायचा. "जरा बाहेर असावंच, म्हणजे कडेवर जोर येतो. पण फार आलं, की फळी तिरकी केल्यावर कडेच्या आधी बूटच बर्फाला घासतो. कड उचलली जाते. मग तुम्ही नाकावर. त्यात तुमची काही चूक नाही हो, फळीची आहे."

आणि नंबराच्या बाबतीत तो कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे. माणसं वजन चोरतात, वय चोरतात, तसा बुटाचा नंबरही चोरतात, हे त्याला ठाऊक होतं. स्वतः मोजायचा आणि मग मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडायचा, "आठ नंबर!" आतून बायको तितक्याच जोरात परत ओरडायची, "आठ नंबर!" घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी ही पद्धत पाडली होती. दुकान गजबजलेलं असलं, की हे सवाल-जवाब अखंड चालायचे आणि गिऱ्हाइकांनाही त्याची गंमत वाटायची.

त्यांना एकच मुलगी. मी आलो तेव्हा ती शाळेत होती. बाप तिला 'बदक' म्हणायचा. लहानपणी ती बर्फात पाय फाकवून, फताडे टाकत चालायची म्हणून पडलेलं नाव, आणि त्यात नुसती माया होती. अख्खं गाव तिला बदक म्हणायचं आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. मला तिच्याविषयी पहिल्या दिवसापासून ओढा वाटला. कारण उघड होतं. आमच्या दुकानात येणाऱ्या बायकांत माझ्या रुंदीला साजेसे पाय फक्त तिचे होते.

पहिल्याच हिवाळ्यात तिचा सगळा वर्ग दुकानात आला. शाळेने मुलांना स्नोबोर्ड शिकवायचं ठरवलं होतं. पोरापोरींची रांग लागली. बाप खुशीत होता, एकेकाला फळीवर उभं करत होता, नंबर ओरडत होता. रांगेत तिचीही पाळी आली. तिने पाय पुढे केला. बापाने मोजलं, पुन्हा मोजलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"अकरा!" तो ओरडला. "आमच्या बदकाला अकरा नंबर!"

"काय?" आतून आई ओरडली.

"अगं अकरा! बापाच्या बरोबरीला आली पोरगी!"

"अकरा नंबर!" आईने आतून साद दिली.

वर्गात आधी एक जण हसला, मग सगळे हसले. कुणीतरी बदकासारखा आवाज काढला. मुलगीही हसली, कारण दुसरं काय करणार? पण तिचे कान लाल झाले होते आणि तिने पाय मागे ओढून एकावर एक ठेवले होते. बापाला त्यातलं काहीही दिसलं नाही. त्याला मनापासून अभिमान वाटला होता, आणि अभिमानाच्या भरात माणसाला समोरचं दिसत नाही.

त्या दिवसानंतर ती बूट स्वतःच काढून घ्यायला लागली. मागच्या खोलीत जाई आणि बूट घालूनच बाहेर येई. आईबापाला वाटलं, पोरगी शहाणी झाली, आपला एक हेलपाटा वाचला.

ती कुठले बूट घ्यायची ते मला भिंतीवरून, मागच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसायचं. नऊ नंबर. आईची पाठ वळली की आतला मऊ तळ ओढून काढायची आणि तो मांडणीमागे लपवायची. मग पाय आत कोंबायची. बोटं दुमडल्याशिवाय तो पाय त्यात जाणं शक्य नव्हतं. आणि फळी घ्यायची ती समोरच्या भिंतीवरची, फुलाफुलांची, सगळ्यांत अरुंद, नऊ नंबरच्या बुटालाही अपुरी.

वर्षं गेली. शाळा संपली, ती दुकानात हाताशी आली, पण दुकान काही तिच्या डोक्यात नव्हतं. तिला डोंगरावरच्या बचाव पथकात जायचं होतं. उतारावर कुणी पडलं, हातपाय मोडला, तर पथकातली माणसं स्ट्रेचरची घसरगाडी घेऊन वर जातात आणि जखमीला तीत बांधून खाली आणतात. दुकानात पथकाची माणसं कडांना धार लावून घ्यायला आली, की ही काम सोडून त्यांच्यापाशी घुटमळायची. कोण कुठे सापडलं, कसं खाली आणलं, सगळं खोदून खोदून विचारायची. तिला सगळ्या वाटा पाठ होत्या. वाऱ्याची दिशा बघून बर्फ कुठे साचलं असेल ते ती घरबसल्या सांगे. पथकप्रमुख कमी बोलणारा माणूस, पण त्यानेही एकदा तिच्या बापाला सांगितलं होतं, "तुमची मुलगी जखमी माणसाशी बोलते ना, तसं माझ्या पथकात कुणालाच जमत नाही."

अडत होतं एकाच ठिकाणी. बोटांकडच्या कडेवर वळताना ती पडायची. टाचेकडे वळण सुरेख, आणि बोटांकडे वळली की मध्येच कड सुटायची. सपाट, मऊ बर्फावर निभावून जाई. पण उभ्या, टणक उतारावर हमखास आपटायची. गुडघे फोडून घरी यायची.

"गुडघे वाकव," बाप सांगायचा. "भितेस तू. पुढे झुक की जरा!"

"झुकते हो बाबा."

"कुठे झुकतेस? मी खालून बघतो ना."

रोज येणाऱ्या परक्या माणसाच्या बुटाखाली बोट घालून बघणारा हा माणूस, पोटच्या पोरीच्या पायाकडे मात्र खालून, लांबून बघत होता. त्याचं चित्त तिच्या गुडघ्यांवर. आईचंही तेच. मोज्यांवर रक्ताचे डाग दिसायचे, तेव्हा ती म्हणायची, "थंडीने नखं काळी पडतात गं, तेल लावत जा." मला तोंड असतं तर मी भिंतीवरून खाली उडी मारून सांगितलं असतं.

पथकाची परीक्षा जवळ आली, त्या सुमाराची एक सकाळ मी कधी विसरणार नाही. आईबाप दोघं सामान आणायला खाली बाजारात गेले होते. दुकान उघडायला अवकाश होता. ती आत आली, दाराला कडी लावली आणि बराच वेळ नुसती माझ्यापुढे उभी राहिली. मग खुर्ची घेऊन तिने मला खुंटीवरून उतरवलं. बापाचे जुने, सैल पडलेले अकरा नंबरचे बूट घातले. माझ्यावर उभी राहिली आणि गुडघ्यावर बसून, बाप करायचा तसंच, स्वतःच्या बुटाच्या टोकाखाली बोट घालून पाहिलं. मी जीव मुठीत धरून होतो. टोक कडेबाहेर आलं होतं, पण अगदी बेताचं. असायला हवं तेवढंच.

आम्ही मागच्या दाराने निघालो. उतारावर चिटपाखरू नव्हतं. रात्रीच्या थंडीने बर्फ काचेसारखं टणक झालं होतं, म्हणजे तिच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. पहिलं वळण तिने टाचेकडे घेतलं. मग श्वास रोखला आणि बोटांकडे झुकली. मी कड रोवली. बूट कुठे घासला नाही, काही नाही. कड अशी बसली की आमच्या मागे बर्फात एक बारीक, अखंड रेघ उमटत गेली. ती इतक्या मोठ्याने ओरडली, की मला वाटलं पडली. पण ती हसत होती. पुन्हा वर गेली, पुन्हा उतरली. त्या उतारावर आम्ही किती वळणं घेतली असतील त्याला गणती नाही. सगळ्या हिवाळ्यांत मी ज्यांना ज्यांना पाठीवर घेतलं, त्यांत माझ्या मापाचं माणूस मला त्या सकाळी पहिल्यांदा भेटलं होतं. मी सुखावलो होतो. असं वाटलं, आता हिला आपल्याशिवाय करमायचं नाही.

परत आलो तर दुकान उघडलं होतं. बाप दारात उभा, आणि त्याच्याभोवती पथकातली चारपाच माणसं कडांना धार लावून घ्यायला आलेली. प्रमुखही होता. तिचा चेहरा थंडीने आणि आनंदाने लाल झाला होता. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं होतं, मी शपथेवर सांगतो.

"अगं बदका!" बाप गडगडला. "आमचा दरवाजा काढून कुठे निघाली होतीस? आणि पायांत काय, माझ्या होड्या?"

माणसं हसली. वाईट मनाने नाही, सकाळच्या वेळी कुणी काही बोललं की माणसं हसतात तशी. एक जण म्हणाला, "बर्फ वितळलं तरी ही बुडायची नाही." पुन्हा हसू. ती पण हसली. तेच, कान लाल करून.

"सहज हो. गंमत केली," ती म्हणाली.

तिने मला खुंटीवर टांगलं आणि मागे जाऊन बूट बदलले. मला बाहेरचं हसणं ऐकू येत होतं आणि आत ती नऊ नंबरात पाय कोंबताना एकदा कण्हली तेही ऐकू आलं. तिने त्या दिवशी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि त्याने एक वाक्य गिळायला. दोघांनाही ते जमलं नाही. मला दोघांचाही राग आला होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच एक उंच गिऱ्हाईक दुकानात आलं. खांद्यांनी दार भरेल असा गडी. त्याची नजर फिरत माझ्यावर आली.

"तो मोठा द्या," तो म्हणाला. "मला तसलाच लागतो."

"साहेब, तुमचा पाय आठ नंबरचा," बाप म्हणाला. "हा तुम्हाला वळायचा नाही. तुमचे पाय कडेपर्यंत पोचणारच नाहीत, जोर कुठून लावणार?"

"अहो, मी सहा फुटांचा माणूस आहे. ती नाजूक फळी घेऊन जाऊ?"

बाप एरवी हुज्जत घालत बसला असता. पण त्या दिवशी त्याचं सगळं लक्ष मुलीकडे होतं. ती फुलांची फळी काखेत मारून दारातून निघत होती. "गुडघे!" तो तिच्या मागून ओरडला, आणि मला त्या गिऱ्हाइकाच्या हातात देऊन टाकलं.

व्हायचं तेच झालं. सहा फुटांचा माणूस माझ्यावर उभा राहिला आणि त्याला मला वळवता येईना. तो डावीकडे झुकायचा, मी सरळ जायचो. त्याचे पाय माझ्या मधोमध हरवले होते. दोनदा आपटल्यावर तो उताराच्या कडेला बर्फात फतकल मारून बसला आणि फळीला, म्हणजे मला, शिव्या द्यायला लागला. रुंद फळी कुणालाही चालते असं नाही, हे त्याला तिथे बसून कळलं. म्हणून मी तिथे होतो. म्हणून मला सगळं दिसलं.

परीक्षा त्याच उतारावर होती. वाळूच्या पोत्यांनी भरलेली घसरगाडी मागे घेऊन, ती सांभाळत खाली यायचं. दोघं उमेदवार आधी उतरले. मग ती निघाली. पहिली वळणं तिने झकास घेतली. घसरगाडी तिच्या मागे शहाण्या जनावरासारखी येत होती. प्रमुख मान डोलावत होता. मलाही वाटलं, आज निभेल.

मग उतार जिथे एकदम मोडतो तिथे तिला बोटांकडे वळावं लागलं. मी बघत होतो. फळी तिरकी झाली, बुटाचं टोक आधी बर्फाला लागलं, कड उचलली गेली. ती तोंडावर पडली. आणि वजनाने भरलेली घसरगाडी थांबायला काही बांधील नव्हती. ती तिच्या उजव्या गुडघ्यावरून गेली.

आवाज लहानसाच झाला. मला पायांना बांधून बसलेला माणूस शिव्या द्यायचा थांबला.

पथक तिच्याभोवती जमलं. ज्या गाडीतून ती माणसं खाली आणणार होती, तिच्यातली पोती काढून तिलाच तीत निजवलं. बाप खालून धावत वर आला. एवढा जाड माणूस इतका चढ धावत येईल असं कुणाला वाटलं नसतं. तोवर प्रमुखाने तिचा उजवा बूट सोडवला होता, सूज वाढायच्या आत काढायला. मोजा खाली सरकवला आणि तो थबकला. बोटं एकमेकांवर चढलेली होती. दोन नखं नव्हतीच. टाचेवर जुन्या जखमांचे कडक चट्टे होते.

"हे आजचं नाही," तो बापाला म्हणाला. "बूट लहान आहे."

बापाने बूट हातात घेतला. आतला पट्टा उलटून नंबर बघितला. मग बर्फात बसला आणि तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. मोडला होता गुडघा, पण तो बोटांवर फुंकर घालत बसला होता.

"नऊ?" तो म्हणत होता. "नऊ कशाला गं? नऊ कशाला? मागायचे होतेस ना. घरचं दुकान आहे आपलं."

तिचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "तुम्ही दुकानभर ओरडला असतात, बाबा."

तो तिचा मोजा हळूच वर ओढू लागला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. तिच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही. पथकाने त्या जागी दुसऱ्या उमेदवाराला घेतलं. घ्यायलाच हवं होतं, डोंगर कुणासाठी थांबत नाही. प्रमुख एकदा घरी येऊन गेला, चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून. तिने त्याला नेहमीसारखं काहीही खोदून विचारलं नाही. तो गेल्यावर आईने कप उचलता उचलता नवऱ्याला म्हटलं, "मला वाटायचं थंडीने होतंय." कितव्यांदा म्हणाली कुणास ठाऊक.

फुलांची फळी अजून भाड्याने जाते. तिचा काय दोष म्हणा, लहान पायांना ती छानच आहे. दुकान पूर्वीसारखंच चालतं, फक्त तिथे आता कुणी ओरडत नाही. नंबर मोजला की बाप स्वतः उठून मागे जातो आणि बायकोच्या कानात सांगतो. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, "काय हो, घसा बसला काय?" तो हो म्हणतो.

मला त्याने भाड्याने देणं बंद केलं. ती दवाखान्यातून घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो मला घेऊन तिच्या खोलीत गेला आणि पलंगाला टेकवून उभं केलं. "हा आता तुझा," म्हणाला. "बरी झालीस की."

"बाबा, आता याचं मी काय करू?"

तो मला उचलून परत घेऊन आला. तेव्हापासून मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून होतो. माझ्या कडांना गंज चढला. माझ्यापुढे रिकामी खोकी रचली गेली. कधी तरी ती लंगडत त्या खोलीत येई, काही तरी काढून नेई, माझ्याकडे बघत नसे. मी तिला दोष देत नाही. मला बघून तिला ती एक सकाळ आठवत असणार, आणि मला तरी दुसरं काय आठवतं?

आता आजचं.

दुकानातून घरात जायला एक दगडी पायरी आहे, जरा जास्तच उंच. धडधाकट माणसाला ती जाणवतही नाही. तिला मात्र अंग तिरकं करावं लागतं, चौकट धरावी लागते आणि तो ताठ पाय हाताने उचलून वर घ्यावा लागतो. काल ती तिथे पडली. लागलं नाही, पण पडल्यावर ती उठायचा प्रयत्न न करता तशीच बसून राहिली. बापाने ते पाहिलं. आज दुपारी दुकान बंद ठेवून तो मागच्या खोलीत आला. मधली एक बुटकी पायरी करायची म्हणून त्याने एक पेटी ठोकून तयार केली आणि वर बसवायला फळी शोधू लागला. एक फार लहान निघाली, एक कुजकी. ती दारात स्टुलावर बसून बघत होती.

"तो घ्या की," ती म्हणाली.

बापाने वळून पाहिलं. ती माझ्याकडे बोट दाखवत होती.

"तो? नको गं. तो असू दे."

"कशाला असू दे? नुसता उभा आहे तो. लाकूड चांगलं आहे त्याचं."

"चांगलं आहे म्हणूनच म्हणतो. पुढेमागे..."

"बाबा." ती शांतपणे म्हणाली. "पुढेमागे काही नाही. घ्या."

बापाने माझ्यापुढची खोकी बाजूला केली. मला दोन स्टुलांवर आडवं घातलं, फडक्याने पुसलं, बाइंडिंगचे, म्हणजे बूट आवळायच्या पट्ट्यांचे, स्क्रू एकेक करून काढले. हे करताना त्याला बराच वेळ लागला, कारण त्याला नीट दिसत नव्हतं. मग पट्टी आणि पेन्सिल घेऊन तो थांबला.

"लांबी पेटीएवढी घेतो," तो म्हणाला. "रुंदी... पेटी अरुंद आहे. रुंदीला थोडं तासून घेऊ?"

तिने मोजा काढला. भिंतीला धरून उठली आणि आपला धड गुडघ्याचा डावा पाय, तोही तसाच वाकडा, नखं गेलेला, माझ्यावर आडवा ठेवला. टाच एका कडेला, बोटं दुसऱ्या कडेला. कडेबाहेर जेमतेम आली होती. तिचा अनवाणी पाय माझ्यावर पहिल्यांदाच पडला. तो गरम होता.

"अकरा नंबर आहे," ती बापाला म्हणाली. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. "रुंदीला हात लावू नका. पेटी मोठी करा."

तो हो म्हणाला. नुसतं हो. आणि माझ्या अंगावर पेन्सिलीची रेघ मारायला वाकला.

तर असं आहे. थोड्या वेळाने मी स्नोबोर्ड उरणार नाही. माझ्या टोकाचे आणि शेपटीचे तुकडे बंबात जातील. वर खरखरीत रबर ठोकतील म्हणजे घसरायला नको. ज्याचा जन्मच घसरण्यासाठी झाला त्याच्यावर ही वेळ यावी! पण तुम्ही मला विचारलंत तर मी तक्रार करणार नाही. मला तिला घेऊन डोंगरावरून जखमी माणसं आणायची होती. ते व्हायचं नव्हतं. एका उंबऱ्यावरून तिला वर चढवीन, रोज, ती म्हातारी होईपर्यंत. आणि तुम्ही, जे अजून स्वतःच्या पायांवर उभे आहात, एवढं करा. घरातलं कुणी काही लपवत असेल, तर त्याला हसून विचारू नका. खाली बसा, आणि हळू विचारा.

बापाने करवत रेघेवर टेकवली आहे. मी हलतोय, त्यामुळे ती नीट चालत नाही. मुलगी स्टूल पुढे ओढून बसली आहे आणि मी हलू नये म्हणून तिने माझं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आहे.